हजेरीचा कागद

सान मातेओ बंदराच्या तिसऱ्या फाटकाबाहेर एउफेमिया रियास्कोस तळलेले मासे आणि हिरव्या केळ्यांचे काप विकते. वय अडुसष्ट. जीभ अशी की ट्रेलरवाले तिच्याशी जपूनच बोलतात. मासा शिळा आहे का, असं एकानं विचारलं तर म्हणाली, "शिळा तूच दिसतोस. बायकोनं कालपासून घरात घेतलेलं नाही वाटतं." पण फाटकावर एखादा नवा पहारेकरी आला आणि म्हणाला, "आजी, टोपली जरा मागं घ्या, ही कंपनीची जागा आहे," की हीच एउफेमिया मुकाट्यानं टोपली उचलते. बघणाऱ्यांना नवल वाटतं, पण कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

ते फाटक भरावावर उभं आहे. भरावाखाली खाडीची एक वाट आहे. एल नातो वस्तीतल्या बायका ओहोटी लागली की त्या वाटेनं होड्या वल्हवत कांदळवनात जायच्या, चिखलात कोपरापर्यंत हात घालून तिवरांच्या मुळांतल्या काळ्या शिंपल्या काढायच्या. चिलटांसाठी होडीत नारळाच्या सोडणांचा धूर, तोंडात विडी, आणि गाणी. एउफेमिया आठ वर्षांची असल्यापासून जात होती. तिच्या बोटांना म्हणे चिखलातून दिसायचं. शिंपल्यांवर घर चालायचं, आणि ते घर बाईचं असायचं. एल नातोतल्या बायका नवऱ्याला भीत नसत त्याचं कारण ती वाट होती, दुसरं काही नाही.

तिचा नवरा तेओफिलो बंदरात हमाल होता. बंदर सरकारचं होतं तेव्हा तो युनियनचा माणूस, खिशाला पेन लावून फिरायचा. मग बंदर विकलं गेलं, कंपनी आली, युनियन बुडाली आणि तेओफिलो रोज सकाळी फाटकावर उभा राहून आज घेता का म्हणून विचारू लागला. पेन मात्र खिशाला तसंच.

त्याच सुमारास एउफेमियाला पंचेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. वस्तीनं भरपूर थट्टा केली. "शिंपल्या शोधता शोधता हेही सापडलं का गं?" असं बायका विचारायच्या. मुलीचं नाव ठेवलं मार्यूरी.

मार्यूरी सहा महिन्यांची असताना कंपनीला धक्का वाढवायचा होता. कायद्यानं वस्तीला विचारल्याशिवाय ते होत नव्हतं, आणि वस्तीच्या मंडळाची प्रमुख होती एउफेमिया. बंदराचे मुख्य इंजिनियर आउगुस्तो बाहामोन तिच्या घरी बोलायला येणार, असा निरोप आला. डोंगराकडचा माणूस, आमच्या दमट हवेत त्याचा सदरा सकाळी आठलाच पाठीला चिकटायचा. पण सरळ होता. वस्तीत यायचा, वाढलेलं खायचा, नाक मुरडायचा नाही.

तो यायच्या आधी तेओफिलोनं एक कागद लिहून काढला. "तीनच गोष्टी मागितल्यात," तो म्हणाला. "वस्तीतल्या माणसांना कायमचं काम. दवाखाना आणि रोज येणारी नर्स. आणि खाडीची वाट कधी म्हणजे कधीच बंद करायची नाही. खाली त्याची सही."

"आणि नाही केली सही तर?"

"तर उद्याच्या सभेत आपण हात वर करायचे नाहीत. सोपं आहे."

"तीस वर्षं तू सह्यांचे कागद जमवलेस तेओफिलो. युनियनचं कपाट भरलं होतं. बंदर विकलं त्या दिवशी त्यातला एक तरी कागद उपयोगी पडला?"

हे त्याला झोंबलं.

"कागद फाटतो. नातं फाटत नाही," एउफेमिया म्हणाली. तिच्या मनात काय होतं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

बाहामोन आला. नारळाच्या रसातल्या शिंपल्या आणि भात जेवला. हात धुऊन बसतोय तोच एउफेमियानं मार्यूरीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पाद्री वर्षातून दोनदा येतो, इंजिनियर साहेब. पोर बाप्तिस्म्याच्या पाण्यावाचून राहिली तर वाईट. पाणी घालायला सुईण बाहेर बसलीय. तुम्ही मेणबत्ती धरा, तिचे धर्मबाप व्हा."

आमच्या किनाऱ्यावर असं आहे: पोराचा धर्मबाप झालात की पोराच्या आईबापाचे कोम्पाद्रे झालात, आणि पोराची आई तुमची कोमाद्रे. हे नातं व्याह्याच्या नात्याहून मोठं. कोम्पाद्रेला अरे-तुरे करायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. जो देईल तो मेल्यावर दारात भूत होऊन बसतो म्हणतात. खुनशी माणसंसुद्धा कोम्पाद्रे दिसला की चाकू मिटतात. एउफेमियाला वाटलं, एका मेणबत्तीत अख्खं बंदर बांधून टाकलं.

बाहामोन आधी गोंधळला. "मी? मला तर प्रार्थनासुद्धा नीट येत नाही," म्हणाला. पण पोरीनं त्याचा चष्मा ओढला, सगळे हसले, आणि तोही हसला. सुईणीनं पाणी घातलं. त्यानं मेणबत्ती धरली, मिठाचा कण पोरीच्या जिभेवर ठेवला. कंपनीचा फोटोवाला बरोबर होता, त्यानं फोटो घेतला. मेणबत्ती विझली तेव्हा बाहामोनचे डोळे खरोखर ओले होते. हे सांगायलाच हवं, कारण तो लबाड असता तर गोष्ट सोपी होती.

तो गेल्यावर तेओफिलो कागद हातात धरून उभाच होता.

"ठेव तो आता," एउफेमिया म्हणाली. "कोम्पाद्रेपुढं कागद धरायचा? म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि जाताना त्याचे खिसे तपासायचे!" तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि तांदळाच्या रिकाम्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सभेत बाहामोन उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कोमाद्रे एउफेमिया, मी इथं आहे तोवर त्या वाटेला कुणी हात लावणार नाही." टाळ्या पडल्या. कंपनीची एक मुलगी हजेरीचा कागद फिरवत होती. प्रमुख म्हणून पहिली सही एउफेमियाची, मोठी, ठसठशीत. विरोध कुणी नोंदवला नाही. कोम्पाद्रेला विरोध कोण नोंदवणार?

घरी येताना तेओफिलो म्हणाला, "'मी इथं आहे तोवर' म्हणाला तो. ऐकलंस?"

"ऐकलं. सगळ्यांनी सरळ ऐकलं. तूच कसा रे नेमकं वाकडं ऐकतोस?"

तीन वर्षं तेओफिलोची चेष्टा करण्यात गेली. कारण बाहामोननं शब्द पाळला. वस्तीतली चाळीस माणसं कामावर लागली, त्यांत तेओफिलोही. पायात लोखंडी टोकाचे बूट आले. नर्स रोज यायची, तिच्याकडं खोकल्याचं औषध असायचं आणि वेळही असायचा. बायकांच्या होड्या वाटेनं निघाल्या की जहाजं ओढणारी ओढबोट भोंगा वाजवून थांबायची. अख्खी ओढबोट, शिंपल्यांच्या टोपल्यांसाठी! एउफेमिया होडीत ताठ बसून तिला हात करायची, राणीसारखा. "बघ तुझा कागद डब्यात कसा छान झोपलाय," असं ती नवऱ्याला म्हणायची. तो म्हणायचा, "झोपू दे बापड्याला."

मग बाहामोनची दुसऱ्या समुद्रावरच्या बंदरात बदली झाली. निरोपाला आला तेव्हा तिनं विचारलं, "आणि वाट, कोम्पाद्रे?"

"नव्या साहेबांना मी सांगितलंय, कोमाद्रे."

सांगितलं असेलही. दोन महिन्यांत वाटेवर तरंगती साखळी आली. जहाजांच्या सुरक्षेचे नियम, असं कारण दिलं. नर्स आठवड्यातून एकदा यायला लागली, मग महिन्यातून, मग तिची खोली कुलूपबंद झाली. चाळीस माणसांना सांगितलं, तुम्ही आता आमचे नाही, ठेकेदाराचे. गरज सरो आणि वैद्य मरो, तसंच.

एउफेमिया चांगला झगा घालून कंपनीच्या कचेरीत गेली. एक तरुण अधिकारी अदबीनं बोलला. त्यानं फाईल काढली आणि तिचीच सही तिला दाखवली.

"ही तर हजेरी आहे," ती म्हणाली.

"हजेरी आहे, विरोध कुठंच नाही. म्हणजे संमतीच झाली, एउफेमियाबाई."

"इंजिनियर बाहामोननी शब्द दिला होता. ते माझे कोम्पाद्रे आहेत."

"अभिनंदन," तो म्हणाला. त्याला खरंच तसंच वाटलं असावं.

तिनं बाहामोनला फोन लावला. तो म्हणाला, सांगून बघतो. आठवड्यानं त्याचाच फोन आला. त्याचा आवाज खाली गेला होता. "तिथं आता माझं कुणी ऐकत नाही, कोमाद्रे. मला माफ करा." मग विचारलं, "पोर कशी आहे?"

साखळीनंतर भराव आला. बायका वर्षभर बाहेरच्या समुद्रातून वळसा घालून गेल्या. जायला दोन तास, यायला तीन. एकदा दोन होड्या उलटल्या. माणसं वाचली, पण पुढच्या ओहोटीला निम्म्याच बायका आल्या, आणि त्यापुढच्या ओहोटीला कुणीच नाही. कुणी जहाजवाल्यांचे कपडे धुवायला लागलं, कुणी उपाहारगृहात भांडी घासायला. एउफेमियानं फाटकाबाहेर कढई ठेवली. वस्तीत कुणी तिला कधी बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर तिला भांडता तरी आलं असतं.

आणि तेओफिलो. एका पावसाळी दुपारी कंटेनरच्या दोऱ्या सोडताना तो वरून पडला. ठेकेदार म्हणाला, हा माझ्या यादीत नाही. कंपनी म्हणाली, आमच्याही नाही. जन्मभर कागद-कागद करणाऱ्या माणसाचं नाव नेमकं कुठल्याच कागदावर नव्हतं. तीन वर्षं तो पाठीवर पडून होता. डब्याचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. ती त्याचं अंग पुसायची तेव्हा रोज तिच्या ओठांवर यायचं, तुझंच खरं होतं रे. रोज तिला वाटायचं, उद्या सांगू. मग एक दिवस सांगायला तो राहिला नाही. वस्तीतल्या बायकांनी नऊ दिवस मयताची गाणी म्हटली, आणि नऊही दिवस ती डब्याकडं पाठ करून बसली.

कोम्पाद्रेनं मात्र धर्मलेकीला अंतर दिलं नाही. मार्यूरी दहा वर्षांची झाल्यावर तिला काली शहरात शाळेत घातलं, पुढं कॉलेजातही. वाढदिवसाला फोन चुकला नाही. मेणबत्ती त्यानं पोरीसाठी धरली होती, बंदरासाठी नाही. चूक माझी, त्याची नाही, असं एउफेमिया स्वतःशी म्हणायची. म्हणूनच तिनं मुलीला वाटेबद्दल कधी काही सांगितलं नाही. ज्याच्या जिवावर शिकतेय त्याच्याविषयी पोरीच्या मनात का काही भरा? तो मेणबत्तीचा फोटो कंपनी दरवर्षी आपल्या पुस्तिकेवर छापायची, खाली 'बंदर आणि वस्ती: एकच घर'. मार्यूरीनं तो कालीतल्या खोलीत लावला होता.

गेल्या महिन्यात मार्यूरी परत आली. अंगात कंपनीचा निळा सदरा, गळ्यात ओळखपत्र. वस्तीशी संबंध ठेवायच्या खात्यात नोकरी लागली होती. फाटकावर आईची टोपली तिनं स्वतः उचलून सावलीत ठेवली आणि पहारेकऱ्याला दम भरला. एउफेमियाला अभिमान वाटला, खोटं का बोला.

काल दुपारी मार्यूरी घरी आली ती हातात फाईल घेऊन.

"आई, कंपनीला उरलेल्या कांदळवनाशेजारी कंटेनरांचं नवीन आवार करायचंय. उद्या सभा आहे. तुझी सही पहिली असली की बाकीचे करतील. नुसती हजेरी आहे गं."

एउफेमियानं फाईल हातात घेतली नाही.

"नर्स परत येणार आहे," मार्यूरी म्हणाली. "मी स्वतः बघणार आहे. मी इथं आहे ना आता."

म्हातारी उठली. तांदळाचा डबा काढला, त्यातला पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला. "तुझ्या बापाचं अक्षर. यावर तुमच्या साहेबाची सही आण, मग मी करते."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना. माझा सगळ्यांवरच असतो. तुझी बदली झाली की?"

मार्यूरीचा चेहरा पडला. तिनं कागद उचलून वाचायला सुरुवात केली. कामाचं वाचलं. नर्सचं वाचलं. तिसऱ्या ओळीवर थांबली. पुन्हा वाचली.

"खाडीची वाट? कुठली वाट, आई? इथं खाडी कुठं होती?"

एउफेमियानं खिडकीकडं बोट केलं. तिथं तिसरं फाटक होतं, मागं क्रेन होत्या आणि कंटेनरांची चळत. मार्यूरी बराच वेळ बघत राहिली आणि मग आईकडं वळली. तिला काहीच दिसलं नव्हतं.

"तिथनं तुला होडीत घालून न्यायचे मी," एउफेमिया म्हणाली. "धुरानं तू खोकायचीस. ओढबोट थांबायची आपल्यासाठी." आणि तिला रडू फुटलं. तेओफिलोच्या नऊ दिवसांत आलं नव्हतं ते सगळं आलं. "माझ्यामुळं गेली ती, पोरी. तुझा बाप सांगत होता."

रडून झाल्यावर तिनं नवऱ्याचा कागद मुलीच्या खिशात घातला आणि कंपनीचा हजेरीचा कागद, कोराच, डब्यात टाकून झाकण लावलं.

"साहेबानं विचारलं तर सांग," ती म्हणाली, "आईनं ठेवून घेतला."