भाडेपट्ट्यावरचा दुसरा मजला

बोलायला लागल्या की त्या आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर हाताला लागलेली ती खोड होती. तुम्ही जागेचं बोला, पावसाचं बोला, त्यांची दोन बोटं तुमच्या नाडीवर. मग म्हणायच्या, "हं, बोला. ऐकतोय मी." मूळच्या पेठ वडगावच्या, त्यामुळं आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' असंच त्यांचं बोलणं.

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. नाव मला माहीत होतं, कारण त्यांचे कागद मीच टाइप केले. पण नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथंही सिस्टरच म्हणतो. अशी एखादी सिस्टर तुमच्याही गल्लीत असेल. ताप आला की डॉक्टरच्या आधी जिच्याकडं जातात, आणि तिला काय होतंय हे कुणी विचारत नाही, अशी.

मी तेव्हा कोल्हापुरात एका वकिलांकडं कारकून होतो. चाळिशी उलटलेली, आणि ऑफिसात टाइपरायटर जाऊन नुकताच कॉम्प्युटर आलेला. एका सकाळी सिस्टर आमचा जिना चढून वर आल्या, बाकावर बसल्या, दोन्ही गुडघे तळहातांनी दाबून धरले आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, जिना संपवायचा हाय माझा."

त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट नाही. गुडघे गेलेले. तो विकून वडगावला भाचीच्या शेजारी जमिनीलगतच्या दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं, एक शिक्षक नवरा-बायको. पण त्यांच्या बँकेनं कागद परत पाठवले होते, आणि का, ते सिस्टरना समजत नव्हतं.

वकीलसाहेबांनी कागद वाचले, चष्मा काढला.

"सिस्टर, भिंती तुमच्या आहेत, फरशी तुमची आहे. खालची जमीन तुमची नाही. ती बिल्डरचीही नव्हती. पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची जमीन आहे ही. त्यातली सातच उरलीत. पंधरा वर्षांचं कर्ज बँक सात वर्षांच्या जागेवर कसं देईल?"

"सात वर्षांनी काय हुतंय?"

"मुदत वाढवून घेतली तर काही नाही. नाही घेतली तर मालक जागा परत मागू शकतात. आणि मध्येच विकायची म्हटलं तरी मालकांची लेखी संमती लागते. तशी अट आहे."

"मालक कोण मग? जातो मी त्यांच्याकडं."

"मालक वारले. पाच मुलं आहेत. पाचही जणांच्या सह्या पाहिजेत. चार चालणार नाहीत."

सिस्टरनी टेबलावरून हात पुढं केला आणि वकीलसाहेबांचं मनगट धरलं. घड्याळाकडं बघत थोडा वेळ थांबल्या. "नाडी सरळ हाय तुमची," म्हणाल्या. "म्हंजे खरंच सांगताय."

त्यांना सोडायला मी खालपर्यंत गेलो. त्यांच्या खरेदीखताच्या चौथ्या पानावर एक ओळ होती, 'मूळ भाडेपट्ट्याच्या अटींस अधीन राहून'. मी विचारलं, "सिस्टर, घेताना हे वाचलं नव्हतं का कुणाकडून?"

त्या पायरीवर टेकल्या. "भाऊ, दोन वर्षं जागा बघत हिंडलो. जागा दाखवायचे, चहा द्यायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की ती जागा कालच कुणीतरी घेतलेली असायची. माझ्या बापानं छप्पन साली धर्म बदलला, पण लोकांचं विचारायचं काय बदललं न्हाय. ह्या बिल्डरनं आडनाव विचारलं न्हाय. म्हणून मी कागद विचारला न्हाय."

मी समोरच्या गाड्यावरून दोन चहा सांगितले.

इमारतीत सहा फ्लॅट होते. मुदत सगळ्यांचीच संपणार होती. सिस्टरनी सगळ्यांना जिन्यात बोलावून सांगितलं. पहिल्या मजल्यावर एक टेलर राहायचे, ते म्हणाले, "तुम्ही आणा सह्या, सिस्टर. आम्ही हायच की पाठीशी." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपापली दारं लावून घेतली. वाईट माणसं नव्हती ती. सात वर्षं म्हणजे त्यांना फार लांबची गोष्ट वाटत होती.

मग सिस्टर निघाल्या. मुदतवाढ आणि विक्री, दोन्हींच्या संमतीपत्राचा मसुदा मी टाइप करून दिला आणि वकीलसाहेबांनी मलाही सोबत धाडलं. कोल्हापुरातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनीही एकच विचारलं, "त्यानं सही केली काय?" आणि दोघांनीही केली. तिसरा कबनूरला, माग चालवायचा. मागांच्या खडखडाटात सिस्टर ओरडून सांगत होत्या आणि तो ओरडून विचारत होता, "कसली जागा? कुणाची?" शेवटी कापडाच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, "पावणं, माझी हाय व्हय ती जागा? मला म्हाईतच न्हाय."

बहीण वडगावला. ती म्हणाली, "थोरल्या दादानं केली की मी करतो. त्याच्या आधी न्हाय."

थोरले आजऱ्याला. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर काजूबिया वाळत पडलेल्या आणि म्हातारा ताठ बसलेला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "जागा विका की तुम्ही. माझी ना न्हाय. पण आधी तिची सही आणा. मी केली आन् ती फिरली, तर मी येडा ठरतो."

परतीच्या एसटीत सिस्टर बराच वेळ हसत होत्या.

वडगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात लग्न होतं, मग सुगी आली, मग ती बाई लेकीकडं गेली. सिस्टर दर वेळी गुडघ्यांना पट्टे बांधून जायच्या. चौथ्या का पाचव्या खेपेला बोलता बोलता निघालं की बाईच्या धाकट्या मुलाच्या वेळचं बाळंतपण सिस्टरनीच केलेलं. बाई उठली, पोळपाट-लाटणं बाजूला सारलं, पिठाचे हात धुतले आणि सही केली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आजऱ्याला गेलो. ओसरी रिकामी होती. म्हातारा आत खाटेवर. तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता.

सिस्टरनी पिशवी माझ्याकडं दिली आणि आधी त्यांना कुशीवर वळवलं. पाठीला जखम झाली होती. सुनेकडून गरम पाणी मागितलं, पदर खोचला आणि तासभर त्या जखमेपाशी बसून राहिल्या. कशी धुवायची, किती वेळानं कूस बदलायची, सुनेला सगळं दाखवलं. मग हात पुसून खाटेच्या कडेला बसल्या.

"आजोबा, आज वार कुठला?"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं. "आक्का, गाय बांधली काय?" म्हणाला.

त्यांनी पुन्हा विचारलं. मग मुलांची नावं विचारली. मग हे घर कुठल्या गावात आहे, ते. म्हातारा हसत होता आणि गाईचंच विचारत होता.

मुलगा दारात उभा होता. "अंगठा घ्या की, सिस्टर. आम्ही काय बोलणार न्हाय. डॉक्टर हाय ओळखीचा, बाबा शुद्धीत हायेत म्हणून तो लिहून देतोय."

मी पिशवीतून कागद काढला. शाईची डबी काढली. झाकणही उघडलं. हे मी लपवत नाही. वर म्हणालोही, "सिस्टर, घ्या. सही द्यायची तर त्यांची मर्जी होतीच. आपण दोघांनी ऐकलंय."

सिस्टरनी माझ्या हातातली डबी घेतली आणि झाकण लावलं.

"मर्जी तवा हुती, भाऊ. आता त्यांना काय बी ठावं न्हाय. जन्मभर मी लोकांची शुद्ध तपासली. हितं न्हाय म्हणतोय मी, आन् कागदावर हाय म्हणू?"

मुलानं खांदे उडवले. आम्ही दुपारच्या गाडीनं परत आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "त्या जखमेला हवा लागाय पायजे."

वकीलसाहेबांनी सांगितलं, म्हातारा शुद्धीत नसेल तर मुलांनी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागेल. मुलं म्हणाली, आमच्यापुढं कोर्टाचं नाव काढू नका. सिस्टर मात्र आजऱ्याला आणखी दोनदा गेल्या, एकट्याच. दुसऱ्यांदा सुनेनं विचारलं, "कागद आणला व्हय?" तर म्हणाल्या, "कागद कसला. जखम बघायला आलोय." हे मला त्या सुनेनंच पुढं सांगितलं, म्हातारा गेल्यावर.

तो गेला आणि त्याच्या जागी तीन वारस आले. त्यातला एक परदेशात, त्याचा पत्ता त्याचेच भाऊ देईनात. पाचाचे सात झाले. पुढच्या वर्षी कोल्हापुरातला एक भाऊ गेला, त्याचे आणखी. आधीच्या सह्या नव्या वारसांना मान्य नव्हत्या. मी दर खेपेला नवीन नावं घालून मसुदा टाइप करायचो. शिक्षक नवरा-बायकोंनी दुसरीकडं घर घेतलं. वडगावच्या खोल्याही गेल्या. "दावा लावता येईल," वकीलसाहेब म्हणाले. सिस्टरनी विचारलं, "निकाल कवा?" वकीलसाहेबांनी फाइल बांधून ठेवली.

मुदत संपली त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो. त्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हार घालत होत्या. "भाऊ, आजपासनं मी कोण? मालक, भाडेकरू, का घुसलेली?"

"कुणी उठवायला येत नाही तोवर बसा, असं साहेब म्हणालेत."

"मी उठाय तयार हाय," त्या म्हणाल्या. "उठाय येईना म्हणून तर बसलोय."

कुणी आलं नाही. ना नोटीस, ना माणूस. हळूहळू त्यांचं खाली येणं बंद झालं. भाजी वर येई, दूध वर येई, इंजेक्शन घ्यायला माणसं वर येत. मी महिन्याकाठी जायचो. खिडकीत बसलेल्या असायच्या. नवीन काही सांगायला माझ्याकडं नसायचं, आणि त्यांनीही विचारायचं सोडलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी टेलरांचा फोन आला, सिस्टरना धाप लागलीय. दवाखान्यात न्यायचं होतं. त्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत, आठव्या दिवशी गेल्या. भाचीनं भांडी नेली, फ्लॅटला कुलूप लागलं. वारसांची संख्या मी अलीकडं मोजलेली नाही. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. खुर्चीचा पुढचा एक पाय टेलरांनी धरला होता. खाली येईस्तोवर ते घामाघूम झाले होते. रिक्षा दारात उभी होती.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "टेकवा मला हितं. पाच मिनिटं."

खुर्ची अंगणात टेकवली. सकाळचं ऊन होतं. त्यांनी चपला काढल्या आणि सुजलेले पाय मातीवर ठेवले. दीड वर्षानं पाय जमिनीला लागत होते. बोटांनी माती थोडी उकरली. धाप होती, तरी बसून राहिल्या.

"भाऊ, किती मालक झालं आता हिचं?"

"अकरा, सिस्टर."

त्यांनी मान हलवली. मग टेलरांकडं बघून म्हणाल्या, "चला. तुमची शिलाई खोळंबली आसंल."

टेलरांनी चपला उचलून रिक्षात ठेवल्या. सिस्टरनी त्या घातल्या नाहीत. मातीचे पाय तसेच वर घेतले आणि रिक्षा गेली.