पंप कोणी भरला?

ती घटना आठवली की आजही डोके तापते. त्या गृहस्थांचा राग येतो, त्यांच्या पत्नीचा येतो आणि सर्वांत जास्त माझा स्वतःचा येतो.

नववीपर्यंत मी सांगलीकडे शिकलो. मग वडिलांच्या नोकरीमुळे जर्मनीतल्या आखनला आलो आणि इथल्याच पोलीस खात्यातून निवृत्त झालो. एका शनिवारी दुपारी ठाण्यात खबर आली की एका घराच्या तळघरात एक मराठी मुलगी उकळत्या द्रवाने भाजली आहे. इजा गंभीर, म्हणजे निष्काळजीपणा कोणाचा हे तपासणे आले. भाषा येते म्हणून मला धाडले.

घरमालक चाळीस वर्षे जर्मनीत राहिलेले मराठी इंजिनिअर. घरी बिअर बनवण्याचा त्यांना छंद; तळघरात ती पातेल्यात उकळायची आणि पंपाने दुसऱ्या भांड्यात न्यायची. मुलगी त्यांची भाडेकरू, विद्यापीठात पीएचडी करणारी. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या, हे तिचे काम. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजला होता. तो हात गेला असता तर तिचे काम गेले असते आणि इथे राहण्याचे कारणही.

"अहो साहेब, मी वर झोपलो होतो," मालक म्हणाले. "त्या पंपाला हात लावू नकोस म्हणून दहादा बजावलं होतं."

"खाली ती एकटीच होती?"

"या, या, एकटीच. आल्झो, म्हणजे, तुम्ही आपल्यातलेच. जरा सांभाळून घ्या."

दवाखान्यात मुलीनेही तेच सांगितले. "चूक माझीच. काका खाली नव्हतेच." शेजारी मालकांची पत्नी वरणभाताचा डबा उघडून बसली होती. आम्ही हिला लेकीसारखे ठेवले आहे, असे त्यांनी मला दोनदा ऐकवले. मी लिहिले, "जखमी व्यक्तीची स्वतःची चूक." मुलीने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. कागद हलू नये म्हणून काकूंनी तो धरला. तिऱ्हाईत माणसासमोर जबाब घ्यायचा नसतो, हे नव्या शिपायालाही कळते. मला कळले नाही, कारण मला कळून घ्यायचे नव्हते. मी सांभाळून घेत होतो.

चार दिवसांनी फाईलला फोटो लावताना हात थांबला. मोठे पातेले टेबलावर, पंप खाली जमिनीवर, मध्ये नळी. असा पंप स्वतःहून काही ओढत नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आधी पंपात पाणी भरून हवा काढावी लागे, नाहीतर मोटार नुसतीच फिरायची. इथेही पातेल्याची तोटी उघडून, पंप भरून, हवा सोडून मगच बटण दाबायला हवे होते. कोणीतरी ते रीतसर केले होते. फक्त पंपाच्या पुढच्या नळीला क्लिप लावलेली नव्हती.

मी तडक दवाखान्यात गेलो. काकू डबा घेऊन हजर होत्याच.

"बाहेर बसा," मी म्हणालो.

"अहो, तिला भरवायचं आहे अजून."

"बाहेर!" माझा आवाज चढला. नर्सने वळून पाहिले.

मग मुलीला विचारले, "पंप कसा सुरू केलास?"

"बटण दाबलं."

"आधी हवा काढलीस का?"

"पंपात हवा असते?" तिने निरागसपणे विचारले.

"बरं. नळी कशी निसटली?"

"मी हातानं दाबून धरली होती. चटके बसायला लागले. मी विचारलं, धरून ठेवू का? तर म्हणाले, या. म्हणून सोडून तिकडे निघाले आणि..."

तिने डावा हात तोंडावर ठेवला.

"एकटी होतीस ना? मग 'या' कोण म्हणालं?"

ती रडायला लागली. काकांवर केस झाली तर घर सोडावे लागेल, मग पत्त्याची सरकारी नोंदणी, अनमेल्डुंग, कुठे करशील, असे काकूंनी डबा भरवता भरवता तिला समजावले होते. जखमेची पट्टी बदलायच्या आधी जबाब पाठ करून घेतला होता!

संध्याकाळी मालकांना ठाण्यात बोलावले. मी एवढेच म्हणालो, "तुम्ही तिला नळी सोडून यायला सांगितलंत."

"खोटं आहे!" ते उसळले. "मी 'या' म्हटलं म्हणजे हो म्हटलं! धरून ठेव म्हटलं!"

"कुठून? वरून, झोपेतून?"

चाळीस वर्षांत त्यांचा 'हो' जर्मन 'या' झाला होता आणि मुलीला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शब्दाचा घोटाळा मी समजू शकतो. साधी क्लिप शोधायचा कंटाळा करून उकळती नळी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि वर त्याच हाताला दोषी ठरवायचे, याला मात्र माफी नाही. कोर्टाने त्यांना शिक्षा केली. ओळखीच्या मराठी मंडळींनी मला सणासुदीला बोलावणे बंद केले. त्याचे मला काडीचेही दुःख नाही.

हात वाचला, पण दोन बोटे आजही वाकत नाहीत. मार्गदर्शकांनी तिला विषय बदलून दिला, म्हणून पीएचडी तरी सुटली नाही.

'आपल्यातलेच' हा शब्द ऐकून मी ज्यांना सांभाळून घेतले, ते बोलणारे होते. गप्प पडून राहिलेली ती मुलगीही आपल्यातलीच होती, हे मला चार दिवस सुचले नाही.

तेव्हा दवाखान्यात नव्या जबाबावर ती सही करताना कागद पुन्हा सरकत होता. "धरू का?" मी विचारले.

"नको," ती म्हणाली आणि पट्टी बांधलेला हात तिने स्वतःच कागदावर ठेवला.