चोक ओढला की चालणारी गाडी

आमच्या ह्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली ती दिवाळीच्या आधी घराला चुना देताना. शिडी सरकली आणि हे अंगणात पडले. तीन महिन्यांनी पाय मोकळा झाला. चालता येऊ लागलं, गाडीवर बसताही येऊ लागलं. पण किक मारणं काही जमेना. अर्ध्यावर गुडघा असा कळवळायचा की हे ओठ घट्ट मिटून हँडल धरून उभे राहायचे.

तेव्हा आम्ही नाशिकरोडला राहत होतो. हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर होते आणि मी वाटेवरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची, साडेतीनशे सीसीची, काळी, वजनाला म्हशीसारखी. ह्यांनी ती लष्करातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याकडून घेतली होती आणि तिच्यावर ह्यांचा फार जीव.

"किक मी मारते," मी म्हटलं.

"अगं, साडी नेसून?"

"मग काय, किक मारायला पॅन्ट शिवून घेऊ?"

शिकायला दोन दिवस लागले. जोर लावून उपयोग नसतो. आधी हलकेच दाबून इंजिन कुठे अडतंय ते पायाला कळू द्यायचं, मग सगळं अंग त्यात घालायचं. हे गाडीवर बसून तोल सांभाळायचे, मी बाजूला उभी राहून पदर खोचून किक मारायची आणि गाडी सुरू झाली की मागे बसायची. दारातून एकदा सुरू केली की शाळेपर्यंत काळजी नाही, असा आमचा हिशेब होता.

गाडीने तो पार मोडला. घरून निघताना नीट चालायची, पण इंजिन तापलं की थांबल्या जागी बंद पडू लागली. चौकात पोलिसाने हात दाखवला, बंद. रेल्वे फाटकाशी थांबलो, बंद. मग मी उतरायची, पर्स ह्यांच्या गळ्यात अडकवायची आणि किक मारायची. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत. एकदा फाटकापाशी कुणीतरी ओरडलं, "काका, खाली उतरा, काकूंना चालवू द्या!" लोक हसले. मला त्याचं काही वाटलं नाही, पण ह्यांची मान खाली गेली ती शाळा येईपर्यंत वर झाली नाही.

आम्ही देवळालीगावातल्या मिस्त्रींकडे गेलो. माणूस अनुभवी, काम स्वच्छ. त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, पायलट जेटच्या बारीक छिद्रातून हवा मारली, प्लग बदलला आणि शेवटी स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी गाडी उभ्या जागी भों भों ओरडायला लागली, म्हणून ह्यांनी स्क्रू थोडा सैल केला, तर पुन्हा बंद. असं चार वेळा झालं.

"वहिनी, गाडीचं वय झालं," मिस्त्री म्हणाले. "जुन्या गाडीत असं चालायचंच."

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "गाडी काढून टाकू. सिन्नरचा एक जण बघायला येतोय रविवारी दुपारी."

एवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण पान अर्धा तास बदललं नाही.

मी वर्गात मुलांना सांगायची, आधी नीट बघा, मग कारण सांगा. घरी मात्र आम्ही ज्याने त्याने सांगितलेलं ऐकत होतो. म्हणून रोज जाता-येता मी वहीच्या मागच्या पानावर लिहू लागले: कधी बंद पडली, किती चालल्यावर, काय केल्यावर पुन्हा सुरू झाली. चार दिवसांत एक गोष्ट ठळक दिसली. थांबताना चोक थोडा ओढला, तर गाडी बंद पडत नव्हती.

"चोक ओढल्यावर काय होतं?" जेवताना मी विचारलं.

"हवा कमी होते."

"म्हणजे हवा कमी केली की तिला बरं वाटतं. मग हवा जास्तच जात असणार ना?"

"एअर स्क्रू तर बरोबर आहे."

"मग ती दुसरीकडून शिरतेय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "आमच्याकडे टर्बाइनच्या कंडेन्सरमध्ये हवा शिरते तेव्हा आम्ही एकेक सांधा तपासतो," हे सावकाश म्हणाले. "कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडलाय, तो सांधा कोणी बघितलाच नाही."

रविवारी सकाळी आम्ही गाडी अंगणात घेतली. मी किक मारली आणि इंजिन चांगलं तापू दिलं. ते धापा टाकल्यासारखं चालत होतं. मध्येच चढे, मध्येच बसे. फट असेल तर तेलाने ती क्षणभर बुजेल, म्हणून मी शिलाई मशीनची तेलाची कुपी आणली आणि त्या सांध्याच्या वरच्या कडेवर दोन थेंब सोडले. काही झालं नाही. खालच्या कडेला सोडले, आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. एकसारखा, शांत. धक, धक, धक. तेल आत ओढलं जाईपर्यंत चार-पाच सेकंद तसंच चाललं, मग पुन्हा धापा सुरू झाल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "पुन्हा टाक," हे म्हणाले. पुन्हा तेच झालं.

ह्यांनी स्टुलावर बसून कार्बोरेटर उतरवला. ज्या चपट्या बाजूने तो इंजिनाला टेकतो, तिच्यावर मी शाळेतली पोलादी पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. दोन्ही टोकं पट्टीला टेकली होती, पण मधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. कधीतरी कोणीतरी दोन्ही नट गरजेपेक्षा जास्त आवळले होते आणि धातू वाकला होता. वरचं पॅकिंगही वाळून कडक झालं होतं.

घरात जुन्या आरशाची जाड काच होती. ती ओट्यावर ठेवून तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला, थोडं तेल सोडलं आणि मी ती बाजू त्यावर गोल गोल घासू लागले. घाई केली तर एकीकडे जास्त झिजेल म्हणून दर शंभर फेऱ्यांनी पट्टी लावून बघत होतो. तास-दीड तासाने उजेड दिसायचा थांबला. ह्यांनी पॅकिंगच्या जाड कागदाचं नवं पॅकिंग कातरलं. कार्बोरेटर रॉकेलने स्वच्छ धुतला आणि बसवला. दोन्ही नट थोडा हा, थोडा तो, असे बेताने आवळले.

दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. तापल्यावर ह्यांनी रेसचा स्क्रू हळूहळू सोडला. आवाज खाली आला, आणखी खाली आला. तरी बंद पडेना. टाकीवर स्टीलची वाटी ठेवली तर ती न सरकता नुसती किणकिणत राहिली. हे स्टुलावरून उठलेच नाहीत. डोळे पुसले, आणि हाताचं काळं गालाला लागलं.

तेवढ्यात सिन्नरचे गृहस्थ आले. गाडी चालूच होती. त्यांनी भोवती एक फेरी मारली, कान लावून ऐकलं.

"गाडी तर लय झ्याक चालती," ते म्हणाले. "मग इकता कशापायी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दादा, सकाळपर्यंत विकायची होती. आता नाही."

"आसं कसं? मी यष्टीनं आलोय हिथवर."

मी त्यांना पोटभर जेवू घातलं. परत निघताना ह्यांनी त्यांना त्याच गाडीवरून स्टँडवर सोडलं. वाटेत फाटक लागलं होतं तरी गाडी बंद पडली नाही, असं ह्यांनी आल्या आल्या मला दारातूनच सांगितलं.

सोमवारी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मी सगळं सांगितलं. ते खाली बसले, गाडीचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "चारदा उघडला, पण तिथं पट्टी लावायचं सुचलं नाही मला. तेलाचं पुन्हा एकदा सांगा, वहिनी." मी सांगितलं. त्यांनी ते आमच्या गाडीवर करूनही बघितलं; आता आवाज जरासुद्धा बदलला नाही.

ह्यांचा गुडघा पावसाळा संपेपर्यंत बरा झाला आणि हे स्वतः किक मारू लागले. मग एका सुट्टीच्या सकाळी मीच विषय काढला. "किक येते, कार्बोरेटर येतो. आता गियर शिकवा."

हे हसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. एकलहऱ्याचा रस्ता त्या वेळी मोकळा होता. मी क्लच सोडला.