आख्खं पान दाखवणारा पडदा

मल्हारी पाचोडजवळच्या एका वस्तीवरचा. घरात मेंढरं होती आणि थोरले दोघे भाऊ त्यांच्यामागे फिरायचे. मल्हारी दहावी झाला, औरंगाबादला मावशीकडे राहून टायपिंग शिकला आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत सर्जेरावांच्या छापखान्यात कामाला लागला. सर्जेरावांच्या घरची शेती त्या वसाहतीत गेलेली. राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड टाकून मशीन बसवलं होतं. कारखाने वाढत होते आणि प्रत्येकाला काहीतरी छापून लागायचं. खोक्यांवरची लेबलं, यंत्रासोबत द्यायच्या पुस्तिका, भिंतीवर लावायच्या सूचना. शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवायचे दिवस सरत आले होते. संगणक आला तेव्हा त्याच्यासमोर बसायला मल्हारीच पुढं झाला.

पहिला पडदा लहान होता. त्यावर पानाचा एक कोपरा दिसायचा, बाकीचं पान काचेच्या बाहेर. मल्हारी पान सरकवत सरकवत काम करी. अक्षर मोठं दिसायचं, पण कडा कातरलेल्या, जोडाक्षरं एकमेकांत गुंतलेली. वरचा मजकूर आणि खालचं चित्र एका रेषेत आहे की नाही, ते कागद निघाल्यावरच कळायचं.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यानं पुस्तिकेचं काम दिलं. त्यात यंत्राच्या आतल्या भागांच्या बारीक आकृत्या होत्या. लहान पडद्यावर त्यातल्या तिरक्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत. सर्जेरावांनी ओळखी काढून मुंबईहून एक परदेशी पडदा आणवला. तो उचलायला दोन माणसं लागली. टेबल वाकेल म्हणून खाली विटा लावल्या.

पडदा सुरू केला तेव्हा छापखान्यातलं काम थांबलं. आख्खं पान समोर उभं होतं, वरपासून खालपर्यंत. केसासारखी रेघ केसासारखीच दिसत होती. रफार, वेलांटी, ‘क्ष’मधली गाठ, सगळं सुटं आणि स्वच्छ. कारखान्याचे इंजिनिअर येऊन बघून गेले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन कारखान्यांचं काम आलं. पूर्वी ज्या पानाला दिवस जायचा, ते मल्हारी दुपारच्या जेवणाआधी उरकू लागला. छपाईच्या मशीनवरचा कामगार फकिरासुद्धा चहा प्यायचा तो त्या पडद्यासमोर उभा राहून.

त्रास हळूहळू समजला. पडदा जितका बारीक दाखवी, तितकी त्यावरची सगळी अक्षरं लहान होत. वरच्या पट्टीतले शब्द मोहरीएवढे. मल्हारी खुर्ची पुढं ओढून, मान काढून बसायला लागला. पान बदललं की चित्र वरून खाली सावकाश उतरायचं, तोवर हात बांधून बसावं लागे. काचेतून धग यायची. छताची ट्यूबलाईट आणि पडदा मिळून एक थरथर चाले, ती नुसती बघून कळत नसे, संध्याकाळी डोळे मिटल्यावर कळे. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. गावी गेला तेव्हा आई सुगंधाबाईनं विचारलं, रडला का काय. तो धूळ गेली म्हणाला.

आणखी एक बदल झाला, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. लहान पडद्यावर पान तुकड्यातुकड्यानं बघावं लागे, त्यामुळं प्रत्येक ओळ आपोआप वाचली जाई. आता पान एका नजरेत दिसायचं आणि एका नजरेतच संपायचं. सर्जेरावांनी छपाईआधी तपासणीचा कागद काढणंही बंद केलं. पडद्यावर सगळं दिसतंय, मग कागद कशाला नासायचा, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. सोळा-सतरा वर्षं ज्यासाठी मोर्चे निघाले, तुरुंगवास झाले, खेड्यापाड्यांत घरं जळाली, त्या मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. कुठं गुलाल उधळला, कुठं गाव सुन्न झालं. एसटी कुठं चालू, कुठं बंद. दुकानं अर्धी फळी टाकून बसलेली.

त्या दिवसांत मोतीराम छापखान्यात आला. तो वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. अठ्ठ्याहत्तर साली गावातलं घर जळाल्यावर आईला घेऊन शहरात आला होता. त्याच्या वस्तीतल्या बुद्धविहारासमोर सभा ठेवली होती, तिचं पत्रक हवं होतं. छापखान्यात येणाऱ्यांतला तो जुना माणूस, मल्हारीची त्याची चांगली ओळख. मल्हारीनं मजकूर त्याच दिवशी बसवला. वर मोठ्या अक्षरात विद्यापीठाचं नवं नाव, मधे सभेची माहिती, खाली लहान अक्षरात निवेदन. डोळे चुरचुरत होते. पान पडद्यावर देखणं दिसत होतं. त्यानं ते फकिराकडं दिलं. फकिरा छपाई आटोपून पाचोडला घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम गठ्ठा घेऊन परत आला. सोबत सखाराम नावाचा वस्तीतला एक कार्यकर्ता आणि आणखी दोघं. मोतीरामनं पत्रक टेबलावर ठेवून खालच्या निवेदनावर बोट ठेवलं. तिथं ‘आबेडकर’ असं छापलं होतं. ‘आ’वरचं टिंब नव्हतं.

सखाराम म्हणाला की हे मुद्दाम केलंय. मालक कुठल्या जातीचा, कामगार कुठल्या जातीचा, आम्हाला ठाऊक आहे, एवढं सगळं धड छापलं आणि नेमकं इथंच कसं राहिलं. सर्जेराव उठून उभे राहिले. मशीनवर शाई कमी पडली की बारीक टिंब उडतं, असं ते सांगू लागले. सांगताना मल्हारीकडं बघत होते, त्यानं मान डोलवावी म्हणून.

मल्हारीनं पडदा सुरू केला. आख्खं पान आलं. लहान अक्षरांत टिंब आहे की नाही ते त्यालाही सांगता येईना. मग त्यानं ती ओळ मोठी केली. चित्र सावकाश खाली उतरलं. शब्द हाताएवढा झाला. टिंब नव्हतंच.

“मशीनचं काय नाय,” मल्हारी म्हणाला. “माझ्याच हातून राहिलं. मी वाचलं नाय, नुसतं बघितलं.”

सर्जेराव खाली बसले. सखारामचं समाधान झालं नाही. चूक कबूल केली म्हणजे ती मुद्दाम नव्हती असं थोडंच ठरतं, असं तो म्हणाला.

पुन्हा छापायचं तर फकिरा गावात अडकलेला, पाचोडकडून गाड्या येत नव्हत्या. कागदाचं दुकान बंद. सभा संध्याकाळी. मोतीरामनं पडद्यावरच्या त्या मोठ्या शब्दाकडं बघितलं. मग म्हणाला, “टिंबच द्यायचंय ना? आमी देतो हातानं.”

मल्हारीनं काळ्या शाईचा डबा घेतला आणि न विचारता त्यांच्यामागं निघाला. सर्जेराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, आज तिकडं जाऊ नको. तो गेला.

विहारासमोर ताडपत्री अंथरली. पेनाचं टिंब फार बारीक पडायचं, छापील अक्षराजवळ ते खोटं दिसे. मल्हारीनं आगकाडीचं मागचं टोक शाईत बुडवून बघितलं, ते बरोबर बसलं. मग सगळ्यांनी आगकाड्या घेतल्या. बाया आल्या, म्हातारी माणसं आली. मोतीरामची आई वच्छलाबाई मल्हारीशेजारी बसली. तिला वाचता येत नव्हतं. मल्हारीनं तिला ओळ दाखवली, कुठल्या अक्षराच्या डोक्यावर टेकवायचं ते दाखवलं. तिचा हात चटकन बसला. ती सगळ्यांत भराभर पत्रकं बाजूला ठेवू लागली.

मधेच तिनं विचारलं, “हे कंच्या शब्दावर देतीय मी?”

“बाबासाहेबांचं आडनाव हाय, आजी.”

तिनं काडी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग पुन्हा काडी उचलली, आणि त्यानंतर तिचं काम सगळ्यांत संथ चाललं. एकेक पत्रक डोळ्याजवळ नेऊन बघायची, मग टेकवायची. कुणी तिला घाई केली नाही.

दुपारी भाकरी आणि पिठलं आलं. मल्हारी त्यांच्यात बसून जेवला. गावाकडं त्याच्या वस्तीवर हे आवडलं नसतं, हे त्याला माहीत होतं. सखाराम समोरच्या बाजूला टिंबं देत होता. तो दिवसभर मल्हारीशी बोलला नाही. पुढंही कधी बोलला नाही.

सभा झाली. पत्रकं वाटली गेली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्यात काही वेगळं दिसलं नाही.

गाड्या सुरू झाल्यावर मल्हारी गावी गेला तेव्हा मोतीरामच्या वस्तीत जेवल्याचं त्यानं आईला सांगितलं. सुगंधाबाई चुलीपुढून उठली नाही. तव्यावरची भाकरी उलटून तिनं एवढंच विचारलं की पिठलं कसं होतं. भावांना यातलं काही सांगू नको, असंही म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला चष्मा दिला आणि मधूनमधून दाराबाहेर लांब बघत जा म्हणून सांगितलं. मल्हारीनं पडद्याची मांडणी बदलली. कारखान्याच्या आकृत्या असल्या की तो पडद्यावर आख्खं पान बारीक करून घेई, कारण तिथं त्याला तोड नव्हती. मजकुराचं काम असलं की अक्षरं मोठी करून, पान पूर्वीसारखं तुकड्यातुकड्यानं सरकवत वाची. एवढा महागाचा पडदा आणून हा त्याच्यावर जुन्यासारखंच काम करतो, असं सर्जेराव गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. पण तपासणीचा कागद काढणं त्यांनी पुन्हा सुरू केलं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

एप्रिलमध्ये जयंतीच्या पत्रकाचं काम घेऊन मोतीराम आला. मल्हारीला वाटलं नव्हतं की तो येईल. मजकूर बसल्यावर मल्हारीनं कागद काढून त्याच्या हातात दिला. मोतीराम दारातल्या उजेडात गेला आणि ओळीखाली बोट फिरवत हळू आवाजात सगळं वाचत राहिला. वाचून झाल्यावर कागद मल्हारीकडं दिला आणि म्हणाला, “आता तू वाच.”

मल्हारीनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.