एका जाकिटातल्या सात लुकेर्या

रशियन लोक आठवड्याला 'नेदेल्या' म्हणतात. मुळात तो शब्द एकाच दिवसाचा, काही न करण्याच्या दिवसाचा, म्हणजे रविवारचा. पुढे लोकांनी तो सरसकट सातही दिवसांना लावला आणि रविवारला दुसरं नाव दिलं. देवळात मात्र अजूनही रविवारच नेदेल्या. पाद्रीबाबांनी हे समजावलं तेव्हा लुकेर्या फणकारली होती, "माझ्या गाईला सांगा की हे."

व्होलोग्दाकडच्या त्या खेड्यात लुकेर्याच्या पायाला कायम भिंगरी. नवरा वारलेला, लेक शहरात. घरात ती आणि नोच्का नावाची काळी गाय. फेब्रुवारीत विहिरीपाशी बर्फावरून घसरली आणि उजवा हात मोडला. डाव्या हातानं धार निघेना. दूध तसंच राहिलं तर कास सुजून गाय हातची जाणार. शेवटी जीव घट्ट करून तिनं खाटकाला बोलवायचं ठरवलं.

शेजारची कापितोलिना तरातरा आली. "आम्ही काय मेलो होतो?"

"अगं, परकीला लाथ घालते ती."

"मग तुझं जाकीट काढ. रुमालही दे."

जाकिटाला वर्षानुवर्षांचा गोठ्याचा वास. कापितोलिनानं ते चढवलं, रुमाल कपाळावर ओढला, लुकेर्यासारखी खोकलीसुद्धा. नोच्कानं हुंगलं आणि मुकाट्यानं दूध दिलं.

मग बायकांनी वार वाटून घेतले. जाकीट एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर फिरू लागलं. गावात सात लुकेर्या झाल्या. खऱ्या लुकेर्यानं नुसतं बसायचं होतं, पण तेच तिला जमेना. झाडू उचलला की कोणीतरी हिसकावून घेई. "बस गं बाई, तुझी नेदेल्या आहे."

रविवारी कापितोलिना गोठ्यातून थेट बाकापाशी आली. मगात कोमट, फेसाळ दूध होतं. "पी."

आजवर पहिलं दूध वासराचं, मग लेकराचं, मग विकायचं. लुकेर्याच्या वाट्याला साय काढलेलं उरलंसुरलं. असा भरलेला मग हातात कोणी दिलाच नव्हता. कोणत्या तोंडानं या बायांचे आभार मानावेत, तिला कळेना.

"देव तुमचं…" एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं. डाव्या हातातला मग कलंडायला लागला. कापितोलिनानं खालून मगाला हात लावला आणि दूध संपेपर्यंत धरून ठेवला.