भुरीवाली भाची

निरोगी झाडाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं मुलुंडमध्ये खूप सापडतील. पण निरोगी झाड पाहून जिचा चेहरा पडायचा, अशी व्यक्ती अख्ख्या मुंबईत एकच होती, आणि ती माझी सख्खी भाची. वनस्पतींच्या रोगांत तिने एम.एस्सी. केलं. लग्नाला गेली की ती मांडवाच्या दारातल्या केळीच्या पानांवरचे डाग बघत बसायची. आत अक्षता पडून जायच्या. एका साखरपुड्यात हातातला विडा उजेडाकडे धरून ती "अय्या, करपा!" असं इतक्या आनंदाने ओरडली की मुलीकडच्यांनी आपापले विडे गुपचूप ताटात परत ठेवले. बाजारात ती नेमकी सडकी वांगी निवडायची. "ताई, अच्छावाला लो ना," म्हणून भाजीवाला काकुळतीला यायचा. शेवटी सडकी तिला फुकट मिळायची आणि त्याला बरं वाटावं म्हणून चांगली मला विकत घ्यावी लागायची.

माझ्यावर तिचा विशेष जीव. त्याचं कारण माझे गुण नव्हेत, माझी बाग. निवृत्त झाल्यावर मी खिडकीच्या ग्रिलमध्ये बाग फुलवली. फुलवली हे आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात तिथे फक्त रोग फुलले. "एवढे रोग एका खिडकीत! मामा, तू ग्रेट आहेस यार!" असं ती म्हणायची आणि मी विनयाने मान खाली घालायचो. त्यातही तिचा लाडका होता तो दुधीचा वेल. त्याच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी नावाची पांढरी बुरशी होती, आणि हीच भुरी घेऊन तिला परदेशात पीएच.डी. करायची होती.

जगभरच्या प्राध्यापकांना ती ईमेल करी. उत्तर येत नसे, आलंच तर फेलोशिप संपल्याचं येई. तिच्या अर्जाचं इंग्रजी सुधारायचं काम मी मागून घेतलं होतं. जन्म विमा कचेरीत गेल्यामुळे माझं प्रत्येक वाक्य साहेबांच्या पायाशी लोळण घेत सुरू व्हायचं. नकारांतला निम्मा वाटा माझाच असावा. शेवटी तिने एक अर्ज मला न दाखवता पाठवला, आणि जर्मनीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. माझ्या बहिणीने तिला बजावलं, "ह्यां नाय झालां तर मालाडच्या हापिसात गप जावन बसायचां." मालाडच्या कॉल सेंटरमधली नोकरी तयारच होती.

मुलाखत लॅपटॉपवर, माझ्या घरून. तिला त्या लोकांना जिवंत भुरी दाखवायची होती. ती आत कपडे बदलत होती. मी वेलाकडे पाहिलं. परदेशातले पाहुणे बघायला येणार आणि पोर अशी पावडर फासून बसलेली? मी ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान लख्ख पुसून काढलं.

प्राध्यापकबाईंनी रोग दाखवायला सांगितला. भाचीने लॅपटॉप खिडकीकडे वळवला.

"मामा, भुरी कुठाय?"

"पुसली."

"वाट लागली!"

माइक चालूच होता. काय झालं, असं बाईंनी विचारलं. भाचीने खरं ते सांगून टाकलं. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मी पडद्याआड उभा राहून घामाघूम होत होतो. मग भाची शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "मामाने पुसलं तरी भुरी जात नाही. पुन्हा कुठे येईल ते आत्ताच सांगते." भिंतीलगतचं, ऊन आणि वारा न लागणारं एक जून पान तिने बोटाने दाखवलं आणि तिथेच का, हे रंगात येऊन समजावत राहिली. पुढच्या आठवड्यात त्याच पानावर पांढरा ठिपका उमटला. तिने फोटो पाठवला. तिची निवड झाली.

आता ती जर्मनीत असते. व्हिडिओ कॉलवर आधी वेलाची चौकशी करते, मग माझी. मला तिची फार आठवण येते. तो वेल केव्हाच वाळला, पण त्याच कुंडीत मी दरवर्षी दुधी लावतो, आणि आमची भुरी इमानाने येते. "काका, औषध मारा की!" शेजारी म्हणतात. मी म्हणतो, "असू दे रे. पाहुणी यायची आहे." आणि हात फडक्याकडे जायला लागला की खिशात घालून ठेवतो.