तारेवरच्या पोचपावत्या

आमचे अप्पा माणसं विसरायचे, वैर विसरायचे नाहीत. अप्पा म्हणजे माझे सासरे. आळंदच्या बाजारात त्यांची तुरीची अडत होती. शाळा उर्दूत झालेली, म्हणून विक्रीकराचे कन्नड कागद मी भरायची. मुदतीच्या आठ दिवस आधी लिफाफा तयार पाहिजे म्हणजे पाहिजेच. पोस्टात स्वतः जात. शिक्का पुसट उठला तर दुसरा मारायला लावत आणि फुंकर घालून वाळवत.

हे वेड लावलं गुलबर्ग्याच्या कचेरीतल्या एका कारकुनानं. साध्या टपालानं वेळेत गेलेला अप्पांचा कागद त्या मेल्यानं टेबलाच्या खणात ठेवला आणि मुदत उलटल्यावर आवक दाखवली. दंड भरला, तो गेला चुलीत. पण ऐन बाजाराच्या दिवशी दुकानाच्या दारावर नोटीस डकवली. अप्पा जाब विचारायला गेले, तर तोंड वर करून म्हणाला, कागद उशिराच आला. म्हाताऱ्याचा जीव त्या वाक्यात अडकला तो अडकलाच. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचे, "दंड ठेव म्हणावं तुझ्याकडंच. कागद टायमात आलता, एवढं बोल."

तेव्हापासून सगळं रजिस्टरनं, पोचपावती जोडून, त्याच्याच नावावर. पावती परत आली की त्याची सही उजेडात धरून बघत आणि तारेला टोचत. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा रजिस्टरनंच जायच्या. एकदा मी विचारलं, "अप्पा, कामून छळायलाव त्याला?"

"सही करायलाय न्हवं? करू दे. हात झिजू दे त्याचा."

कारकून निवृत्त झाला, तर अप्पांनी त्याच्या घरचा पत्ता शोधून काढला. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं. "मी गेलो की पयलं पत्र त्याला टाक. साधं न्हाई, रजिस्टर."

टाकलं. निधनाचं पत्र लोक वाचून फाडतात, घरात ठेवत नाहीत. त्यानंही फाडलं असेल. पोच मात्र सही करून परत द्यावीच लागते. पोस्टमनला दारात थांबवून त्यानं पत्र वाचलं असावं, कारण सहीखाली कन्नडमध्ये एक ओळ होती: 'त्या वर्षीचा कागदही वेळेतच आला होता.'

ती पोच मी तारेवर सगळ्यांच्या वर टोचली. घरातले म्हणतात, आता तरी माफ कर. कामून करू? हे ऐकायला अप्पा कुठं होते?